उलट्या फोटोवरून केलेली कवळी

येत्या शनिवारी संध्याकाळी आपल्या वाचनालयाच्या वरच्या सभागृहात एक लघुपट दाखवणार आहेत. त्याविषयी मासिकात चार शब्द लिहा, असं ग्रंथपालबाई मला म्हणाल्या. मी म्हटलं, मला सिनेमातलं काय कळतंय? आमच्या शाळेत सिस्टर वर्षातून एखादा सिनेमा दाखवायच्या. पडद्यावर नायक नायिकेच्या फार जवळ जाऊ लागला की त्या प्रोजेक्टरच्या भिंगासमोर स्वतःचा हात धरायच्या. त्यामुळे लहानपणी पाहिलेल्या बहुतेक सिनेमांतला मोक्याचा प्रसंग म्हणजे माझ्या लेखी एका पंजाची मोठी थोरली सावली. ग्रंथपालबाई हसल्या आणि म्हणाल्या, सिनेमाबद्दल लिहायला दुसरे आहेत, तुम्ही माणसाबद्दल लिहा, तो तुमच्या ओळखीचा आहे.

हे मात्र खरं. म्हणून लिहिते.

लघुपटाचं नाव 'उजवीकडचा खिसा'. दिग्दर्शिका नवी आहे, आणि स्वतःच्या मनाचा असा हा तिचा पहिलाच सिनेमा. एरवी ती लोकांच्या लग्नांची चित्रणं कापून, जोडून, गाणी लावून देते. हा सिनेमाही तिने त्याच संगणकावर, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून, एका बाजूला कुकर लावून जोडला. कोणा निर्मात्याचा हात पाठीवर नाही. कॅमेरा मैत्रिणीचा, दिवे लग्नवाल्यांचे, आणि नट म्हणून घरातलेच सासरे.

या सासऱ्यांना आमच्या भागात सगळे कवळीकर म्हणतात. ते त्यांचं आडनाव नव्हे. ते कवळ्या करतात म्हणून माझ्या यजमानांनी ठेवलेलं ते नाव. ते इतकं चिकटलं, की एकदा कोणी त्यांच्या खऱ्या आडनावाने चौकशी करत आलं, तेव्हा शेजारच्या दुकानदाराने 'असं इथे कोणी राहत नाही' म्हणून त्याला परत पाठवलं.

दंतवैद्यांच्या दवाखान्यामागे एक लांबट खोली आहे, ती कवळीकरांची. डॉक्टर पुढच्या खोलीत माणसाच्या तोंडाचा ठसा घेतात आणि मागे पाठवतात. कवळीकर त्या ठशात प्लास्टर ओततात, हिरडीचा साचा काढतात, साच्यावर मेणाची पाळ चढवतात आणि मेणात एकेक दात बसवतात. ते मनासारखं जमलं की मग पक्की कवळी. खिडकीशी बाक, बाकावर स्पिरिटचा छोटा दिवा, लाकडी मुठींची टोकदार हत्यारं, एक मेणाचा डबा. भिंतीवरच्या फळ्यांवर अर्ध्या वस्तीचे पांढरे जबडे ओळीने मांडलेले. आमचे हे म्हणायचे, एकमेकांची तोंडं न बघणारे सगळे इथे शेजारी शेजारी गुण्यागोविंदाने बसलेत.

या कामात एक अडचण असते, ती मला कवळीकरांमुळेच कळली. कवळी करणाऱ्याला बहुधा तोंड मिळतं, चेहरा मिळत नाही. ठसा येतो, माणूस पुढच्या दाराने घरी जातो. बाकीचे कारागीर ठशावरून काम करतात आणि मोकळे होतात. कवळीकरांचं तसं नाही. ते निरोप पाठवतात, की घरात एखादा हसतानाचा जुना फोटो असेल तर आणून द्या. गंभीर फोटो त्यांना चालत नाही. गंभीर माणसाला नुसते ओठ असतात, असं त्यांचं म्हणणं. आणि जमलं तर ते घरच्या माणसाला बोलावून विचारतात, की हे हसायचे तेव्हा कुठला दात आधी दिसायचा? कवळीतले दात शाळेच्या रांगेतल्या मुलांसारखे सरळ उभे केले, तर माणूस दुसराच कोणी दिसतो. म्हणून कोणाच्या पुढच्या दातांत होती तेवढी फट ठेवायची, कोणाचा दात जरासा फिरवायचा. आपल्या भागात इतके म्हातारे लोक आपापलंच हसू हसतात, ते या माणसामुळे.

माझ्या यजमानांचं रंगाचं दुकान होतं. भिंतींचे, दारांचे रंग. गिऱ्हाईकाला हवी ती छटा डब्यात ढवळून द्यायची आणि ढवळता ढवळता त्याला हसवायचं, असा त्यांचा धंदा. त्यांचा उजवा सुळा शेजारच्या दातावर चढलेला होता. हसले की तो आधी बाहेर यायचा, मग बाकीचे. आमचं लग्न ठरलं तेव्हा माझी आत्या म्हणाली होती, मुलगा चांगला आहे, फक्त एक दात जरा पुढे पुढे करतो. मला तो दात पहिल्या दिवसापासून आवडला.

पुढे हिरड्यांच्या दुखण्याने त्यांचे दात गेले. शेवटचे काही एकदमच काढावे लागले. त्यानंतर हे तोंडावर रुमाल धरून दुकानात बसायला लागले. छटा ढवळून द्यायचे, बोलायचे नाहीत. घरी मी काही गमतीचं सांगितलं तर मान वळवायचे. 'दात आहेत तर चणे नाहीत' ही म्हण तेच एरवी दहादा म्हणायचे, आता कोणी म्हटली तर त्यांना राग यायचा. घरात इतकं शांत कधी नव्हतं.

कवळीकरांचा निरोप आला तेव्हा मी कपाट उपसलं. दुकानातल्या नोकरांबरोबर सहलीला गेले असतानाचा एक फोटो होता, मान मागे टाकून हसतानाचा. पण तो पार डागाळला होता. त्याची निगेटिव्ह मात्र चांगली होती. ती फोटोवाल्याकडे देऊन मी छातीपर्यंतचा भाग मोठा करून आणला आणि कवळीकरांना पोचवला. त्यांनी तो बाकासमोर टाचणीने लावला. खालचा भाग मेणाच्या डब्यामागे गेला, वरचा चेहरा दिव्याच्या उजेडात राहिला.

कवळी बसवायच्या दिवशी डॉक्टरांनी मलाही आत बोलावलं. कवळीकर दाराशी उभे होते. यांनी कवळी घातली, जीभ फिरवली आणि रुमाल बाजूला ठेवून माझ्याकडे बघून हसले. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. पण काहीतरी खटकलं. आपल्याच घरात शिरावं आणि दिव्याचं बटण नेहमीच्या भिंतीवर सापडू नये, तसं झालं. चढलेला दात होता, अगदी तसाच होता, पण डावीकडे.

मी तसं म्हटलं. कवळीकर म्हणाले, शक्य नाही, मी फोटोवरून तंतोतंत बसवलाय. त्यांनी मागच्या खोलीतून फोटो आणला. फोटोतही दात डावीकडेच होता. आम्ही सगळे बुचकळ्यात पडलो. मग माझं लक्ष फोटोच्या खालच्या भागाकडे गेलं. यांच्या सदऱ्याचा खिसा उजव्या छातीवर होता. उजवीकडे खिसा असलेला सदरा आमच्या घरात कधी नव्हता. फोटोवाल्याने निगेटिव्ह उलटी घातली होती.

कवळीकरांच्या तोंडचं पाणी पळालं. हात पुढे करून ते म्हणाले, "द्या, काढून द्या, दुसरी करतो." यांनी तोंड घट्ट मिटलं आणि मान हलवली. डॉक्टरांनी समजावलं, मी समजावलं. कवळीकरांनी तर दाताच्या कण्या केल्या. हे उठले, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, "राहू द्या हो," म्हणाले आणि चालू लागले. वाटेत फळवाला दिसला. सफरचंद घेतलं आणि रस्त्यातच चावा घेतला.

घरी आल्यावर हे बराच वेळ आरशासमोर उभे होते. मी मागे जाऊन उभी राहिले. म्हटलं, "अहो, दुसरी करून देतायत तर घ्या ना. ही उलटी आहे."

हे आरशातूनच माझ्याशी बोलले. "इतकी वर्षं आरशात मी ज्याला बघत होतो ना, तो आता तुला दिसतोय. आणि तुला जो दिसायचा तो मला. होऊ दे की जरा अदलाबदल."

मला ते समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा मी दुसऱ्या कवळीचं नाव काढलं नाही. नवरा स्वतःला जसा दिसत आला तसा बघायला मिळणं कितीजणींच्या वाट्याला येतं? मला मिळालं, तेही रोज, जेवताना, भांडताना, पेपर वाचताना. रोजनिशी लिहायची मला शाळेपासूनची सवय आहे. त्या काळच्या नोंदींत 'आज हे हसले' असं लिहायचं मी पुढे सोडून दिलं, कारण रोज रोज तेच काय लिहायचं?

कवळीकर मात्र तेव्हापासून आमच्याशी जरा वेगळे वागू लागले. रस्त्यात हे समोरून आले की खिशात काहीतरी शोधायला लागायचे, नाहीतर पलीकडच्या फुटपाथवर जायचे. हे तिकडूनही त्यांना हाक मारायचे आणि भरभरून हसायचे. मला वाटायचं, कवळीकर मुळात लाजाळू. मग हे गेले. कवळीकर भेटायला आले, भिंतीकडे बघत बसले आणि चहा न घेताच उठले. यांची कवळी मी टाकली नाही. त्यांच्या चष्म्याशेजारी, झाकणाच्या पेल्यात ठेवली.

गेल्या वर्षी एक दिवस कवळीकरांची सून माझ्याकडे आली. दारातच म्हणाली, काकू, तुम्हाला विचित्र वाटेल, पण मला काकांचे दात बघायचेत.

मी तिला आत घेतलं. तिने सांगितलं ते असं. ती लग्न होऊन या घरात आली तेव्हापासून बघत होती, की दर रविवारी सासरे मागच्या खोलीत जातात, खणातून एक डबी काढतात, तिच्यातलं पाणी बदलतात आणि डबी परत ठेवतात. डबीत एक अख्खी कवळी. कवळी कोरडी पडली तर वाकडी होते, म्हणून ती पाण्यात ठेवायची असते, हे तिला कळलं. पण ही कोणाची, आणि कोणी न्यायला का येत नाही, ते कळेना. विचारलं की सासरे म्हणायचे, "आहे एकांची." तिच्या मनात सिनेमा सुरू झाला तो तिथे. शेवटी डॉक्टरांनी तिला आमचं नाव सांगितलं.

म्हणजे कवळीकरांनी दुसरी कवळी केली होती. बरोबर बाजूची. करून ठेवली होती आणि वाट बघत होते. हे मला तेव्हा कळलं.

मी तिला उलट्या फोटोची हकीकत सांगितली, फोटो दिला, पेल्यातली कवळी दाखवली. तिने माझ्या हातांचं चित्रण केलं. माझा चेहरा घेऊ नकोस म्हटलं, तर म्हणाली, "काकू, बाबांचाही मी अजून घेतलेला नाही. ते हातच दाखवू देतात." मुलगी गोड आहे, पण चिवट. एक दृश्य मनासारखं होईपर्यंत तिने माझ्याकडून पेल्याचं झाकण इतक्यांदा उघडून घेतलं, की मी म्हटलं, बाई गं, आतल्या माणसाला आता वारा लागेल.

सिनेमा तयार झाला. इथल्या चित्रपट मंडळाने नवोदितांमधून तो निवडला, सभागृह ठरलं. तोवर सासऱ्यांनी तो पाहिला नव्हता. तिने घरी संगणकावर लावून दाखवला. उलट्या फोटोचा भाग आला आणि कवळीकर उठले. म्हणाले, हे काढ. हे राहणार असेल तर माझे हातही काढ.

तिने काढून पाहिलं. मला येऊन म्हणाली, "काकू, आता उरलंय ते दवाखान्यात नंबर येईपर्यंत बघायचं काहीतरी." हसत म्हणाली, पण रडवेली होती. मंडळाला 'नाही' कळवायचं तर शनिवार तोंडावर आलेला. मी विचारलं, त्यांना न सांगता दाखवलास तर? तर म्हणाली, "रोज त्यांच्यासमोर ताट वाढते मी. चोरून दाखवलेला सिनेमा घेऊन त्या घरात कशी राहू?" हे तिचं बोलणं मला फार आवडलं. तीन वर्षं रात्रंदिवस खपून केलेलं काम ती एका माणसाच्या शब्दाखातर गुंडाळायला निघाली होती, आणि त्याला दोषही देत नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पेला आणि फोटो पिशवीत घालून मागच्या खोलीत गेले. कवळीकर मेणाची पाळ गुळगुळीत करत होते. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "वहिनी, तिने पाठवलं ना?"

"ती कोण मला पाठवणार? माझी मी आलेय."

"मग बसा." स्टुलावरचे जबडे उचलून त्यांनी मला जागा केली. मी पेला बाकावर ठेवला. त्यांनी एकदा बघितलं, मग खण उघडून ती डबी काढली आणि पेल्याशेजारी ठेवली.

मग ते बोलायला लागले. आयुष्यभर लोकांची रिकामी तोंडं भरली, एक चूक झाली, आणि नेमकी तीच पडद्यावर. लोक म्हणतील, याला डावं-उजवं कळत नाही. चूक माझी नव्हती, फोटोची होती, हे कोणाकोणाला सांगत बसू? आणि फोटो नीट बघायचं काम तरी कोणाचं होतं? इथवर त्यांचा आवाज साधा होता. मग ते थांबले आणि म्हणाले, "आणि ते. रस्त्यात दिसले की मुद्दाम हसायचे. सगळी कवळी दाखवून. बघ, म्हणे, तुझी करामत."

मी थक्क झाले. ज्या हसण्याने माझं घर भरलं होतं, ते या माणसाला इतकी वर्षं बोचत होतं.

मी म्हटलं, "भाऊ, ते तुम्हाला चिडवत नव्हते हो." आणि आरशापुढचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं.

"पुन्हा सांगा," ते म्हणाले. मी पुन्हा सांगितलं.

ते उठले. हात धुवायच्या जागी भिंतीला आरसा आहे, त्याच्यासमोर त्यांनी फोटो धरला. आरशात खिसा डावीकडे गेला. चढलेला दात उजवीकडे आला. ज्या माणसाशी मी लग्न केलं, तो मान मागे टाकून हसत होता.

"हे तुम्हाला दिसायचे तसे," कवळीकर म्हणाले.

"हो."

त्यांनी आरशातून नजर काढून हातातल्या फोटोकडे बघितलं. "आणि हे त्यांना."

"आधी त्यांना. नंतर मला."

फोटो बाकावर ठेवून त्यांनी पेल्यातली कवळी बाहेर काढली, निथळवली आणि खिडकीशी नेऊन तिच्या दाढांवरून अंगठा फिरवला. बराच वेळ फिरवत राहिले. "दोन्हीकडून सारखी झिजलीय," म्हणाले. "म्हणजे बसली होती नीट. दुखायची का कधी?"

"कधी नाही."

"सफरचंद?"

"सालासकट."

त्यांच्या ओठांचा कोपरा हलला. डबीतली कवळी काढून त्यांनी ती पहिलीशेजारी ठेवली. एकीच्या दाढा गुळगुळीत, रंग चहाने जरा उतरलेला. दुसरी नवी कोरी. कवळीकरांनी एकेकीवर बोट ठेवलं. "ही चुकलेली. ही बरोबर." मग पुन्हा पहिलीवर. "आणि जेवले ते हिच्यावर."

हे वाक्य सुनेने ऐकायला हवं होतं, एवढंच मनात आलं. तेही त्यांना सुचलं असावं. संध्याकाळी घरी गेल्यावर त्यांनी तिला सांगितलं, की कापलेलं परत जोड आणि उद्या कॅमेरा घेऊन ये. मी बोलेन ते बोलेन, माझ्या तोंडी वाक्यं घालायची नाहीत. ती म्हणाली, बाबा, चेहरा घेऊ? ते म्हणाले, चेहऱ्याशिवाय बोलणं म्हणजे ठशावरून कवळी करणं. घे.

म्हणून सिनेमाच्या अगदी शेवटी तुम्हाला त्यांचा चेहरा दिसेल. त्याआधी नुसते हात, मेण, पाणी आणि खरवडण्याचा बारीक आवाज. गाणं नाही, मागून कोणी समजावून सांगत नाही. आधी मला वाटलं, लोक कंटाळतील. मग लक्षात आलं, की ही मुलगी आपल्याला कवळीकरांच्या जागी बसवतेय. त्यांना जसं आधी तोंड मिळतं आणि चेहऱ्याची वाट बघावी लागते, तसंच आपलं होतं. हे ती कुठे शिकली मला माहीत नाही. मी शेवट सांगून टाकला म्हणून ग्रंथपालबाई रागावतील. पण जे मी लिहिलंय ते त्यांच्या तोंडून, त्यांच्या थांबण्यासकट ऐकणं वेगळं. आणि त्यांनी त्यात एक वाक्य वाढवलंय, ते मी लिहिलेलं नाही.

या मुलीचे मी आभार कसे मानू? तिने सिनेमा केला नसता तर मला ती डबी कळली नसती, आणि कवळीकर आजही रविवारी पाणी बदलत बसले असते, एका माणसाच्या हसण्याचा भलताच अर्थ उराशी धरून. आता डबी खणात नाही. चुकलेली माझ्याकडे पेल्यात आहे. बरोबर असलेली त्यांनी बाकासमोर उघडीच ठेवलीय, बिनपाण्याची. वाकडी होईल ना, मी विचारलं. होऊ दे, म्हणाले.

तर शनिवारी या. पुढच्या रांगा लवकर भरतात, गुडघे दुखणाऱ्यांसाठी डाव्या बाजूला जिन्याजवळ जागा ठेवली आहे. कवळीकर शेवटच्या रांगेत बसणार आहेत, आणि त्यांच्या शेजारची खुर्ची मी आत्तापासूनच धरून ठेवलीय. सिनेमात दोन-तीन ठिकाणी हसू येतं. ते दाबू नका, तोंडावर रुमाल धरू नका. दिवे लागल्यावर कवळीकर तुमच्या दातांकडे टक लावून बघतील. त्याचा राग मानू नका. त्यांचं तोंड फिरवणं आत्ता कुठे संपलंय.